पट्टीतले रकाने मुनीमजींनाच सरकवू द्या

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालाचा हिशोब, काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं, पायथॉन आणि टिकिंटरमध्ये (खिडक्या, बटणं बनवायची पायथॉनची लायब्ररी). रकाने माझ्या मनाने लावले: शेतकरी, गाव, माल, कट्टे, वजन, भाव. काट्यावरच्या चिठ्ठीत मात्र आधी कट्टे, मग वजन, नाव शेवटी. "सर, कट्टे वर घ्या की," मुनीमजी रोज म्हणायचे. शेवटी चालू प्रोग्रॅममध्येच रकाने ओढता येतील अशी सोय केली.

आधी प्रत्येक रकान्याचं लेबल (नाव) आणि एंट्री (लिहायची चौकट) मिळून एक छोटी फ्रेम करा. या सगळ्या फ्रेम एका मोठ्या फ्रेममध्ये ग्रिडने एकाखाली एक लावा. त्या मोठ्या फ्रेममध्ये पॅक ही मांडणीची दुसरी पद्धत मिसळू नका, एरर येते. फ्रेमचा क्रम एका लिस्टमध्ये ठेवा.

माउसचे इव्हेंट लेबलला बाइंड करा, म्हणजे जोडा. एंट्रीत ओढलं तर नुसती अक्षरं सिलेक्ट होतात. बटण जिथे दाबलं, सोडल्याचा इव्हेंटही त्याच लेबलला येतो, माउस कुठेही असो. म्हणून वाय (लेबलपासूनची उंची) नाही, वाय-रूट (स्क्रीनवरची उंची) वाचा. पकडलेली फ्रेम सोडून बाकी किती फ्रेमचा मध्य माउसच्या वर आहे ते मोजा. तो आकडा म्हणजेच लिस्टमधली नवी जागा.

मग लिस्टवर लूप फिरवून प्रत्येक फ्रेमला नव्या रोसह पुन्हा ग्रिड करा. बस. फ्रेम डिस्ट्रॉय करून नव्याने बनवू नका. मी तेच केलं होतं, आणि अर्धी भरलेली पट्टी मुनीमजींच्या डोळ्यांदेखत कोरी झाली.

खरी मेख टॅबमध्ये आहे. कट्टे वर दिसतात, पण टॅब जुन्याच वाटेने जातो. टिकिंटर रो बघत नाही, विजेट (फ्रेम, एंट्री असे खिडकीतले घटक) एकमेकांवर कसे रचलेत ते बघतं. त्याच लूपमध्ये ग्रिडनंतर प्रत्येक फ्रेमवर लिफ्ट (विजेट रचनेत सगळ्यात वर आणणारी मेथड) चालवा, क्रम जुळतो.

बंद करताना रकान्यांची नावं क्रमाने जेसन फाइलमध्ये लिहा, रोचे आकडे नकोत. उद्या 'हमाली' वाढवलात तर फाइलमध्ये नसलेलं नाव शेवटी जोडता येतं. नावं मराठीत असतील तर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. विंडोजवर नाहीतर गडबड होऊ शकते.

'मांडणी बदला' अशी टिक ठेवा, ती असेल तरच ओढता यावं. सोबत 'मूळ मांडणी' हे बटणही द्या. मुनीमजींनी ते अजून दाबलेलं नाही. गाव मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पार तळाला नेलं.