मराठी-कन्नड चित्रपुस्तक स्वतः कसं काढावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातलं पोर घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ ऐकतं. त्याच्यासाठी दोन्ही भाषांतलं पुस्तक काढायचं असेल, तर चित्रकार गाठण्याआधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना करा.

चार कोरे कागद एकात एक ठेवून दुमडा, मधे पिन मारा. 16 पानं झाली. अशा पुस्तकाची पानं चारच्या पटीतच येतात. पहिलं पान शीर्षकाला, शेवटचं श्रेयनामावलीला गेलं की उरतात सात जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या. गोष्ट त्यात मावत नसेल तर गोष्ट कापा.

कोणती भाषा वर, कोणती खाली, यावर आपल्याकडे भांडण पेटायला वेळ लागत नाही. म्हणून चित्र जोडपानभर पसरा. मराठी डावीकडे, कन्नड उजवीकडे, एकाच रेषेत, सारख्याच आकारात. डाव्या-उजव्यावरूनही कुणी हटून बसलं, तर त्याला चहा पाजा.

कन्नड मजकूर मराठीला शब्दाशब्दाने जुंपू नका. इथलीच कन्नड बोलणाऱ्या बाईंना चित्रं दाखवा, गोष्ट सांगायला लावा आणि तीच लिहून घ्या.

अक्षरांसाठी ‘अनेक’ हा फाँट सोयीचा. तो मोफत आहे, देवनागरी आणि कन्नड दोन्हींत मिळतो. कन्नड ओत्ताक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहिली जाणारी अक्षरं, ओळीखाली लोंबतात, त्यामुळे ओळींतलं अंतर कन्नड बघून ठरवा आणि तेच मराठीला द्या. टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात. श्रीलिपी किंवा नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली बदलताना जोडाक्षरं फुटतात. प्रूफ वाचताना ‘वाऱ्यावर’मधला र आणि कन्नड ‘अज्जी’तला खालचा ज आवर्जून तपासा.

चित्रकाराशी आणि कन्नड लिहिणाऱ्या बाईंशी करार लेखीच हवा, ओळख कितीही जुनी असो. हक्क लिहून घेताना मुदत घातली नाही, तर कॉपीराइट कायद्यानुसार ती 5 वर्षंच धरली जाते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन, मोफत मिळतो. दोन भाषा असल्या तरी पुस्तक एक, क्रमांकही एकच.

छपाईला चित्रं 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), सीएमवायके या छपाईच्या चार रंगांच्या पद्धतीत द्या आणि कडेला 3 मिलिमीटर जास्तीचा रंग सोडा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी पट्टी दिसते. शे-दोनशे प्रती असतील तर डिजिटल. हजार काढायच्या तर ऑफसेट. एक प्रत प्रत्यक्ष त्याच कागदावर काढून उन्हात बघा, मगच बाकीच्या छापायला सांगा. प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात नेमलेल्या इतर ग्रंथालयांना प्रती धाडायच्या असतात.

किंमत ठरवताना दुकानदाराचं 30-40 टक्के कमिशन आधीच धरा. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत टेबल मांडून विकलं तर हे कमिशन वाचतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून पुस्तक लुटायला गठ्ठ्याने घेणाऱ्या बायकांसाठी वेगळा दर ठेवा, आणि तो डिसेंबरातच कळवा.