कृत्रिम रक्त शरीरात जातं कुठे? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम. फार्म. करून फार्माकोकायनेटिक्समध्ये (औषध शरीरात कुठे जातं, किती टिकतं याचा अभ्यास) पीएचडी धरली, तेव्हा कृत्रिम रक्त हा विषय ऐकून घरी पहिला प्रश्न आला, "म्हणजे आता रक्तदान बंद?" तसं काही नाही. ही द्रव्यं ऑक्सिजन वाहतात, तेही काही तास, फार तर काही दिवस. रक्त गोठवणं, जंतूंशी लढणं हे त्यांचं काम नव्हे.

इतिहास थोडा वाचून या. नुसतं हिमोग्लोबिन शिरेत सोडलं तर त्याचा ६४ किलोडाल्टनचा रेणू दुभंगतो आणि मूत्रपिंडातून गळतो. शिवाय नायट्रिक ऑक्साइड गिळून रक्तवाहिन्या आवळतो. हिमोग्लोबिनपासून बनवलेल्या हेमअसिस्ट या द्रव्याची अपघातग्रस्तांवरची चाचणी १९९८ मध्ये थांबवावी लागली. म्हणून जपानमध्ये, आधी वासेदा विद्यापीठात आणि पुढे नारा इथे, हिमोग्लोबिन लिपिडच्या सुमारे २५० नॅनोमीटरच्या पिशवीत कोंडलं गेलं. हे कण मूत्रपिंडातून निसटत नाहीत. यकृत आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना हळूहळू गिळतात.

आता माग काढण्याबद्दल. मोजणी यंत्राला कण दिसत नाही, त्यावर लावलेली किरणोत्सारी खूण दिसते. आयोडीन-१२५ हिमोग्लोबिनला जोडलं असेल तर पिशवी फुटल्यावर तो आकडा हिमोग्लोबिनच्या तुकड्यांचा असतो, आणि तो लघवीत सापडतो. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) पिशवीतल्या कोलेस्टेरॉलवर असेल तर तो विष्ठेकडे वळतो. एकच खूण लावून 'कण शरीराबाहेर पडला' असं कुणी लिहिलं असेल तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

रक्तस्रावाचं मॉडेल, म्हणजे प्राण्याचं रक्त मुद्दाम काढून केलेला प्रयोग, तर आणखी चकवतं. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये रक्त जेमतेम १६ मिली. ४० टक्के काढायचं म्हणजे जवळपास साडेसहा मिली, तेही धमनीतल्या बारीक नळीतून, रक्तदाबाच्या रेषेवर डोळा ठेवून. त्यानंतर ०.२ मिलीचे दहा नमुने घेतले की आणखी २ मिली गेले. म्हणजे मोजणाराच रक्तस्राव वाढवतो. नमुने कमी घ्या, पण नेमक्या वेळांना घ्या. रक्त गेल्यावर ऊतींमधलं पाणी वाहिन्यांत शिरतं, प्लाझ्मा पातळ होतो, आणि कण कुठे न जाताही त्यांची सांद्रता उतरलेली दिसते. म्हणून दर वेळी केशनळीत हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) बघाच. यकृताचा तुकडा मोजतानाही त्यात अडकलेलं रक्त वजा करा, नाहीतर यकृताच्या खात्यात नसलेला माल जमा होतो.

या कणांमुळे प्लाझ्माच लालसर झाल्यावर रंगावर चालणाऱ्या, बिलिरुबिनसारख्या चाचण्या गडबडतात, हे गाइड बहुधा सांगत नाहीत.

प्रवेश मिळताच प्राणी आचारसंहिता समितीचा अर्ज आणि किरणोत्सारी पदार्थांचं प्रशिक्षण मागून घ्या. दोन्हीला वेळ लागतो. खुणेसाठी वापरायचं टेक्नेशियम-९९एम ६ तासांत अर्धं होतं, आयोडीन-१२५ ला साधारण दोन महिने लागतात. दिवसभराच्या इमेजिंगला पहिलं ठीक, आठवड्याभराच्या उत्सर्जनाला दुसरं. मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर नंतरही शिकता येतं. आधी कॅन्युला, म्हणजे ती बारीक नळी, बसवायला हात तयार करा.