डीटीएच सोडून फ्री डिशवर जाताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे आठ दिवस मला फोन उचलायची भीती वाटते. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, मखर बांधून झालेलं असतं आणि कुणाच्या तरी एकदम डोक्यात येतं की आईच्या टीव्हीपायी दर महिन्याला फुकट पैसे जातात. "भाऊ, फ्री डिश बसवून टाका. परवा चतुर्थी आहे, उद्याच या." पंधरा दिवसांनी साहेब ठाण्याला पोचलेले असतात आणि फोन येतो तो आईचा.

फ्री डिशशी माझं भांडण नाही. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून चालू आहे, डिश आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचा खर्च नाही. माझ्या घरीही तीच आहे. पण बदल करायचा म्हणजे जुना बॉक्स काढून नवा ठेवायचा, एवढंच लोकांना वाटतं, आणि तिथेच घोळ सुरू होतो.

"समोर तर सगळं मोकळं आहे!"

डिशच्या तोंडापुढे उभं राहून हे वाक्य म्हणणारा माणूस मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. घरावर बसते ती डिश ऑफसेट प्रकारची. एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारी डबी, मधोमध नसते, खालून आलेल्या दांड्यावर असते. त्यामुळे डिश जिथे बघतेय असं वाटतं, त्याच्या साधारण २५ अंश वरून सिग्नल येतो. रत्नागिरीच्या बाजूला फ्री डिशचा उपग्रह, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेवरचा जीसॅट-१५, आग्नेयेला क्षितिजापासून जवळपास ६० अंश उंचावर लागतो. समोरच्या वाडीतला माड तिथे आड येत नाही. आड येते ती डोक्यावरची फांदी.

शिवाय सेवा बदलली की दिशाही बदलते. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला आहे, एअरटेल १०८.२ अंशांवर. आमच्याकडून पहिल्यासाठी डिश दक्षिणेकडे जास्त कलते आणि सुमारे ६७ अंश वर बघते, दुसऱ्यासाठी पूर्वेकडे वळते आणि ४५-४६ अंशांवर खाली येते. "जुनी डिश इथेच दहा वर्षं चालली की हो," याचा नव्या डिशशी काही संबंध नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका काकींकडे फ्री डिश बसवली. मुलगा सुट्टीवर आलेला, त्याला रात्रीच्या गाडीने परतायचं होतं. पडवीच्या कोपऱ्याला डिश लावली, अर्ध्या तासात चित्र आलं, टीव्हीवरची सिग्नलच्या क्वालिटीची पट्टी भरलेली. चहा पिऊन निघालो. जून संपता संपता फोन: टीव्ही दिसत नाही. मी म्हटलं, "काकी, पाऊस आहे, उघडला की येईल." ते खोटं नव्हतं. हा केयू बँडचा, म्हणजे फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, मुसळधार सर लागली की जातो आणि सर ओसरली की परत येतो. इथे पाऊस उघडला, ऊनही पडलं, टीव्ही काही येईना.

पहिल्या फेरीत कनेक्टर बदलले. दुसऱ्या फेरीत एलएनबी बदलला. तिसऱ्यांदा बॉक्स काखोटीला मारून दुकानात आणला, तिथे तो ठणठणीत चालला. चौथ्या फेरीत शिडीवर उभा होतो, तेव्हा काकी खालून म्हणाल्या, "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं ना, सागाला पानं फुटली तेव्हापासून गेलाय म्हणून." खरंच सांगितलं होतं. मी "हो हो" म्हणून पेचकस शोधत होतो. मे महिन्यात साग म्हणजे उभी काठी. आडवं काहीच नाही. जूनमध्ये त्याच फांद्यांवर सुपाएवढी पानं आली, वरून पावसाने निथळणारी. त्या पाण्यातून सिग्नल खाली उतरणार कसा? डिश काढून विहिरीकडच्या मोकळ्या जागेत पाइप पुरून बसवली. पैसे मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून उन्हाळ्यात डिश लावताना मी आधी झाडाचं नाव विचारतो. साग, सावर, पांगारा असेल तर पानं आहेत असं समजूनच जागा निवडतो. आणखी एक खूण सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या आसपास सूर्य आमच्याकडून फ्री डिशच्या उपग्रहाच्या अगदी जवळ दिसतो. त्या वेळी डिशच्या जागेवर फांदीची सावली पडत असेल तर ती जागा सोडा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मात्र भिस्त ठेवू नका. पत्र्यावर किंवा सळ्यांच्या स्लॅबवर ते काहीही दाखवतं.

जी बघते तिला विचारा

कनेक्शन ठरवतो मुलगा, टीव्ही बघते आई. आईची रात्री साडेआठची मालिका ज्या वाहिनीवर लागते, ती पैसे भरून मिळणारी असेल तर फ्री डिशवर येणार नाही. हे बॉक्स लागल्यावर कळलं की घरात जे होतं, त्याला साक्षीदार मी असतो. म्हणून आता मी बॉक्स उघडण्याआधी विचारतो, "आजी, तुम्ही काय काय बघता?" बऱ्याच आजींना वाहिनीचं नाव ठाऊक नसतं, नंबर पाठ असतो. जुन्या बॉक्सवर एकेक नंबर लावून बघायचा, नाव लिहून घ्यायचं, आणि नवे नंबर ठसठशीत अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवायचे. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलंत तर तुमचे दहा फोन नक्की.

१ एप्रिलचा घोळ

फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. वाहिन्या जातात, येतात. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल २०१९ च्या मार्चमध्ये गेल्या, २०२० च्या जूनमध्ये परत आल्या, २०२२ च्या एप्रिलपासून पुन्हा गेल्या. दर वेळी आमच्या भागात निम्म्या लोकांनी पाना घेऊन डिश हलवली. अहो, सह्याद्री दिसतेय ना? मग डिशला हात लावू नका, मेनूत जाऊन वाहिन्या नव्याने शोधा. फॅक्टरी रीसेट हा उपाय नव्हे, ती अधीर माणसाची खोड आहे. केलाच असेल तर मेनूत एलएनबीच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा ९७५०/१०६०० आहे का तेवढं बघा. आणि बॉक्स जुना एमपेग-२ चा (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) असेल तर एमपेग-४ या नव्या पद्धतीतल्या वाहिन्या त्यात दिसणार नाहीत, शंभर वेळा शोधल्या तरी.

बाकीचं थोडक्यात. जुन्या कंपनीचा बॉक्स फ्री डिशला चालत नाही, डिश आणि केबल बहुतेक वेळा चालते. पण केबलला मध्ये पिळून टेप गुंडाळलेला जोड असेल तर ती फेका. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, नाहीतर पाणी तिच्यावरून थेट बॉक्सपर्यंत येतं. स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली आणि क्वालिटी शून्य, म्हणजे बहुतेक वेळा डिश चुकीच्या दिशेला असते, बॉक्स बिघडलेला नसतो. जांभ्याच्या भिंतीत प्लास्टिकचा गिट्टा धरत नाही, आरपार बोल्ट लावा. जुनं खातं कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे ते आधी शोधा, ओटीपी मीरारोडला वाजतो आणि आम्ही इथे तोंडाकडे बघत बसतो. आणि जुना रिचार्ज संपण्याच्या दिवशी बदल करू नका. आठवडाभर दोन्ही राहू द्या, एक जोरदार सर पडू द्या, मग जुनं बंद करा.

चतुर्थीच्या आठवड्यात मी नवी डिश बसवत नाही, दुरुस्तीला बोलवा, येईन. बसवायचीच असेल तर अनंत चतुर्दशीनंतर फोन करा, आणि फोन आईला करू द्या.