कोल्हापुरातून रत्नागिरीला: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

आपण कोल्हापूरकर समुद्रावर जायचं म्हटलं की शनिवार-रविवार बघतो. समुद्र मात्र तिथी बघतो. रत्नागिरीत पुळण (वाळूचा किनारा), कडा आणि मासळीचं बंदर सगळं एकाच गावात आहे, पण चुकीच्या वेळी गेलात तर पुळण पाण्याखाली असते आणि कड्याखाली नुसते खडक दिसतात.

म्हणून पहिलं काम भिंतीवरच्या कॅलेंडरचं. तिथीचा जो आकडा, त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. दुपारची तशी रात्रीचीही. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं.

मी पुनव किंवा अवस गाठतो. तेव्हा उधाण असतं: दुपारच्या आधी लाटा कड्यावर फुटतात आणि संध्याकाळी पाणी लांब जाऊन चालायला मोकळी वाळू मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, तेवढी चढउतार नसते. संकष्टी मात्र टाळा. एक तर गणपतीपुळ्याची गर्दी, आणि घरात कुणाचा उपवास असला तर बंदरावर जाऊन साबुदाण्याची खिचडी शोधावी लागते.

महिना ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, शिवाय पावसात आंबा घाटात धुकं आणि दरडी. हापूस हवा असेल तर एप्रिल-मे, पण मग घामाची तयारी ठेवा.

रस्ता सरळ आहे: वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, हातखंबा. अंदाजे 130 किलोमीटर. घाट उतरताना गाडी गिअरवर ठेवा, नुसत्या ब्रेकवर नको. मुक्कामाला आदल्या संध्याकाळीच पोचलेलं बरं.

पोचल्या पोचल्या एक प्रश्न विचारून ठेवा: मिरकरवाड्याला होड्या कधी लागणार? ती वेळ पकडून मिरकरवाड्याच्या त्या मासळी बंदरावर जा. जुनी चप्पल घाला, जमीन सगळी ओली आणि खवल्यांनी निसरडी असते. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहायचं नाही. डोक्यावर क्रेट घेतलेला माणूस "ए, बाजू!" म्हणतो आणि थांबत नाही. लहान मासळी वाट्यावर, म्हणजे ढिगावर मिळते, वजनावर नाही. मी पहिल्यांदा "मावशी, बांगडा किलोला कसा?" विचारलं, तर तिनं नुसतं वर बघितलं. शेजारची म्हणाली, "घाटावरचे दिसतायत." तेव्हा विचारायचं, "वाटा कसा लावलाय?" मग कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा राहिला तर पुढच्या टोपलीकडे वळा.

भरतीच्या तासभर आधी रत्नदुर्ग किल्ल्यावर चढा. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह, आणि एका अंगाला खाली आत्ताच बघून आलेलं बंदर. वरून होड्या चपलांच्या जोडांसारख्या लावून ठेवलेल्या दिसतात. दगड जांभा आहे, भोकाभोकांचा, आणि कडेला तो सहज सुटतो. फोटोसाठी तटाच्या बाहेर जाऊ नका. वारा इतका असतो की टोपी हातातच धरलेली बरी.

दुपारी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली राज्य काढून घेतलं आणि पुढे इथं आणून ठेवलं. राजवाडा 1910 चा, आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. टिळकांचं जन्मस्थान उरलेल्या वेळात होतं.

ओहोटीला भाट्याची पुळण, सुरूच्या बनाला लागून. मांडवीची काळी वाळू बघायला छान, चालायला भाट्ये. आरे-वारेचा रस्ता गाडीतून बघण्यासारखाच आहे, पण तिथं पाण्यात उतरू नका. आपली पोहण्याची सवय रंकाळ्याची आणि पंचगंगेची. ओहोटीची ओढ वेगळी.

मासळी घरी न्यायची तर साफ करून, थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा थर, मासे, परत बर्फ, आणि झाकणाला टेप. एकदा मी पिशवी पेपरात गुंडाळून डिकीत टाकली होती. मलकापूरपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि पुढचा महिनाभर गाडीत कुणी बसायला तयार नव्हतं.

निघायच्या आधी बाजारातून तिरफळं (माशांच्या कालवणातला मसाला) आणि आमसुलं घ्या. पहिल्या खेपेला आम्ही त्याच बांगड्यांना घरची कांदा-लसूण चटणी घातली, तर मटणाचा रस्सा झाला, बांगडा कुठं गेला कळलंच नाही. तिरफळं ठेचून शेवटी टाकायची, पाच-सहा पुरे. बिया काढून टाका, कडू असतात.