गार असताना वाघ, घाटात शेळी: जुन्या ऑटोमॅटिकचा दम जातो तेव्हा या चुका टाळा

मे महिन्यातला शनिवार असला की वाई-पाचगणीच्या पसरणी घाटातून माझ्या गॅरेजला पहिला फोन अकराच्या सुमाराला येतो. "गाडी पुण्याहून मस्त आली हो. खंबाटकीला जरा जड वाटली. आता इथे एक्सलेटर पार तळाला नेला तरी रिक्षा पुढे जातायत." गाडी 10-15 वर्षांची, डिझेल, ऑटोमॅटिक, आत सात माणसं आणि एसी फुल्ल. मी विचारतो, "दम गेला तेव्हा आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा काटा कुठे होता?" पलीकडून शांतता. मग, "ते नाही बघितलं."

वाईहून पाचगणी जेमतेम 12-13 किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता साडेपाचशे-सहाशे मीटर वर चढतो. गाडीतलं सगळं दुखणं या घाटात बाहेर येतं. अडचण एवढीच की तपासणारा माणूस घाटात नसतो. त्यातून होणाऱ्या चुका बघून बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

दुखणं गरम गाडीचं, तपासणी गार गाडीची

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती मालक आणि मिस्त्री दोघं मिळून करतात. शनिवारी घाटात दम गेला. सोमवारी गाडी गॅरेजला लावली. रात्रभर उभी राहून गार झालेली गाडी मिस्त्रीने सकाळी सुरू केली, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवली. गाडी वाघासारखी पळाली. मग काहीतरी करायचं म्हणून फिल्टर बदलले, इजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) साफ केला, डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून पाठवले. बिल झालं, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच तिला तीन प्रश्न विचारायचे असतात. एक्सलेटर दाबल्यावर आरपीएम वर जातो, पण वेग वाढत नाही? मग इंजिन ताकद देतंय, गिअरबॉक्स ती खातोय. आरपीएमच वर जात नाही? मग इंजिनाला डिझेल नाहीतर हवा कमी पडतेय, किंवा कम्प्युटरने स्वतःच ताकद छाटली आहे. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: सपाटीवर न्यूट्रलला टाकल्यावर गाडी मोकळी घरंगळते की कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबते? धरल्यासारखी वाटली तर इंजिन सोडा, ब्रेक बघा.

हे बघायला स्कॅनर लागत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला सांगा, काट्यावर नजर ठेव. ड्रायव्हरने रस्ता बघायचा.

दोन वर्षांपूर्वी पुण्याचे एक काका अशीच एसयूव्ही घेऊन आले. त्यांच्याकडे एक फाइल होती. फाइल घेऊन येणारं गिऱ्हाईक म्हणजे आधी दोन-तीन ठिकाणी भाजून आलेलं. इंजेक्टर झाले होते, टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) उघडून झाला होता, आणि शेवटी एका ठिकाणी गिअरबॉक्स गेला म्हणून दोन लाखांच्या वरचं एस्टिमेट हातात दिलं होतं. मी म्हटलं, काका, फाइल राहू द्या, चला घाटात. गॅरेजमधल्या पोराला शेजारी बसवलं, काका मागे.

पहिली काही वळणं गाडीने काही दाखवलं नाही. मी मुद्दाम एसी चालू ठेवून चढवत होतो. वरच्या टप्प्यात एका वळणातून बाहेर पडताना काटा 2000 वरून थेट 3200 ला, आणि वेग आहे तिथेच. पोरगा ओरडला, "दादा, घसरतोय!" गाडी बाजूला घेतली, वीस मिनिटं थांबलो, पुन्हा निघालो तर सगळं ठीक. काकांना वाटलं मी जादू केली.

मग सपाट जागा शोधली. हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर पी (पार्क) पासून खालपर्यंत प्रत्येक गिअरमधून फिरवून परत पी वर आणला, आणि इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी काढली. तेल गरमच्या खुणेच्या बरंच खाली. गळती कुठेच नाही. मी विचारलं, मध्ये कुणी तेल बघितलं होतं का? काका म्हणाले, हो, एका ठिकाणी सकाळी सकाळी बघितलं, जास्त आहे म्हणून लिटरभर काढलं.

आता गंमत समजून घ्या. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि वरच्या भागातलं काही तेल खाली पॅनमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या परातीत उतरतं, त्यामुळे बंद गाडीत पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. त्या मिस्त्रीने 'जास्त' दिसलेलं काढलं. म्हणजे खरं तर गरजेचं काढलं. सपाटीवर तेवढ्यावर भागत होतं. चढावर तेल पॅनच्या मागच्या बाजूला जातं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि तेलाचा फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही, आतल्या क्लच प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी तापतात, आणि तापलेलं तेल आणखी पातळ होतं. थांबलं की फेस बसतो, गाडी बरी होते. एवढंच दुखणं होतं. लिटरभर तेल, त्याच ग्रेडचं, वर रेडिएटरची बाहेरून सफाई. काकांचा गिअरबॉक्स अजून तोच आहे.

पण एक लक्षात ठेवा. तेल इंजिन चालू ठेवून बघायचं हा बहुतेक गाड्यांचा नियम, सगळ्यांचा नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत गरम करून इंजिन बंद केल्यावर मिनिटभरात बघतात. आणि काही गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. तिथे तेल ठरलेल्या तापमानाला आणून बोल्टच्या भोकातून पातळी बघावी लागते. ते काम घरी करू नका. गाडीबरोबर आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये सीलबंद असतं, ते एकदा उघडा.

"लाल तेल ते लाल तेल"

नाही. रंग सारखा म्हणजे तेल सारखं नव्हे. प्रत्येक गिअरबॉक्सला प्लेटांची पकड ठरवणारं वेगळं तेल लागतं, डब्यावरचं नाव पुस्तकातल्या नावाशी जुळलं पाहिजे. तेल काळपट झालं असेल, जळका वास येत असेल आणि बोटाला बारीक काळा चुरा लागत असेल, तर तेल बदलून चमत्कार होणार नाही. नुसतं खालचा बोल्ट उघडून काढलं तर तसंही निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. आणि तेल गुलाबी लस्सीसारखं दिसलं, तर गाडी तिथल्या तिथे बंद करा. गिअरबॉक्सचं तेल गार करणारी नळी बहुतेक वेळा रेडिएटरच्याच टाकीत असते. ती आतून फुटली की पाणी आणि तेल एकत्र होतं. टोईंगवाल्याचे पैसे वाचवायला जाल आणि गिअरबॉक्स घालवाल.

दोन पायांनी ऑटोमॅटिक

हे नव्याने ऑटोमॅटिक घेतलेल्या लोकांचं. उजवा पाय एक्सलेटरवर, डावा 'सेफ्टीला' ब्रेकवर टेकवलेला. घाटभर ब्रेक किंचित लागलेला राहतो, डिस्क तापते, गाडी जड होते, आणि मग फोन: पिकअप गेला. मागचे दिवे बघितले की कळतं, चढावर सतत पेटलेले. डावा पाय मागे घ्या, जमलं तर सीटखाली.

पाय नसतानाही ब्रेक धरत असेल तर कॅलिपरचे (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिस्टन जाम असतात, किंवा रबरी होज आतून फुगलेला असतो, किंवा कुणीतरी ब्रेक ऑइलच्या बाटलीत दुसरंच काहीतरी ओतलेलं असतं. साधं खनिज तेल गेलं तरी सगळी रबरं फुगतात. तपासायची माझी पद्धत अशी: घाटातून वर आलो की चारही चाकांवर लांबून पाण्याचे थेंब उडवायचे. एकाच चाकावर चर्र झालं तर ते चाक गुन्हेगार. हात लावू नका, कातडी राहते तिथेच.

डिझेल येतंय असं गृहीत धरणं

ही चूक माझी स्वतःची, 1998 ची. ऑटोमॅटिक नव्हती, टाटा 407 टेम्पो होता, पण धडा कुठल्याही डिझेलला लागू. पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरी भरून येणारी गाडी. सकाळी रिकामी चढताना 40 मिनिटं झक्कास, नंतर हळूहळू दम सोडायची. चहा पिऊन आलं की परत चालू. मी तेव्हा 22 वर्षांचा, हाताला खाज. डिझेलचा पंप उतरवला, कॅलिब्रेशनला दिला, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) बदलले. तीन दिवस गाडी उभी. मालकाची स्ट्रॉबेरी दुसऱ्याच्या गाडीने गेली, ते तो मला आजही ऐकवतो. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच वळणावर बसली.

मग वस्ताद आले. काही उघडलं नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरला, पंपापेक्षा उंचावर, सायलेन्सरपासून लांब बांधला आणि फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) टाकीऐवजी कॅनमधून नळी दिली. रिटर्नची नळीही कॅनमध्येच, नाहीतर कॅन रिकामा होऊन डिझेल टाकीत जातं. गाडी घाट चढून पाचगणीला जाऊन आली. म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, दोष टाकी ते पंप यांच्यामध्ये. वस्तादांनी तो हातभर रबरी पाइप काढला आणि उभा चिरला. बाहेरून नवाकोरा. आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. गार असताना कडक, तापलं की मऊ पडून ओढीबरोबर आत मिटायचं. पाइपाची किंमत त्या काळी एका नोझलच्या मानाने काहीच नव्हती.

तेव्हापासून माझी सवय: डिझेल कमी पडतंय असा संशय आला की पहिल्यांदा टाकीचं झाकण सैल करून चढ चढायचा. फरक पडला किंवा उघडताना जोरात फुस्स झालं, तर टाकीला हवा घेता येत नाहीये. मग नळ्या, मग फिल्टर. पंप सगळ्यात शेवटी. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडला तर बुडबुडेही दिसतात.

नंतरच्या कॉमन रेल गाड्यांना (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) मात्र जुनी खोड लावू नका. 407 ला आम्ही चालू इंजिनात नोझलचा नट ढिला करून कुठला सिलिंडर काम करत नाही ते बघायचो. कॉमन रेलमध्ये नुसत्या आयडलला 300 बारच्या आसपास दाब असतो, चढावर 1000 च्या पुढे. ती धार कातडीतून आत जाते. तिथे स्कॅनर लावून मागितलेला दाब आणि मिळालेला दाब गाडी चढत असताना शेजारी शेजारी बघायचे. उभ्या गाडीत दोन्ही आकडे नेहमी गोड बोलतात.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"आपल्या हवेत लागत नाही तो." हे वाक्य मी सज्जन माणसांच्या तोंडून ऐकलंय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनचं पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं, आणि सपाटीवर गार राहणारी गाडी घाटात जास्त तापते. तापली की कम्प्युटर डिझेल कमी करतो आणि मग तुम्ही म्हणता पिकअप गेला. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत चिखल-पाचोळ्याची गोधडी असते, ती आधी काढा. रेडिएटरच्या कॅपचं रबर बघा, 0.9 बारची कॅप दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. पंख्याचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंखा घट्ट पकडणारा भाग) गरम गाडीत, इंजिन बंद करून, हाताने फिरवा. भिंगरीसारखा फिरला तर तो गेला.

बाकीच्या, भराभर

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटला की बॅटरीची वायर काढून तो घालवणं: पुरावा पुसलात. आधी स्कॅनरवर बिघाडाचा कोड आणि फ्रीज फ्रेम (बिघाडाच्या क्षणाचे आकडे) लिहून घ्या.

इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणारा भाग) होज गार असताना हाताने दाबून "ठीक आहे" म्हणणं: चीर दाबाखाली उघडते. काळा धूर, हूस्स आवाज आणि होजवर तेलकट ओल दिसली तर तोच.

टर्बो बदलण्याआधी त्याच्या व्हॅक्यूमची करंगळीएवढी नळी न बघणं. उष्णतेने कडक होऊन तडकते.

पेट्रोल ऑटोमॅटिक असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) आतून वितळून बंद झालाय का ते बघा, पण तो का वितळला तेही शोधा. मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) तसाच ठेवून नवा बसवलात तर तोही जाईल.

ब्रेक दाबून, डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) फुल्ल रेस देऊन 'स्टॉल टेस्ट' करणं: पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. मी तर करतच नाही.

घाटात डी वर सोडून देणं: जुन्या चार गिअरच्या गाडीत ओव्हरड्राइव्हचं (सगळ्यात वरच्या गिअरचं) बटण असतं, चढावर ते बंद ठेवा. गिअर सारखा वर-खाली होत राहिला की तेल तापतं.

आणि तापलेल्या गाडीचं बॉनेट उघडून इंजिनवर बाटलीभर गार पाणी ओतणं. गेल्या वर्षी पसरणीत एकाने ओतलं, मी दहा मिनिटांत पोहोचणार होतो. दम जाण्याचं कारण एक तुटलेला होज निघाला. पण त्या पाण्याने तडकलेला हेड मात्र त्याला पुण्याला न्यावा लागला.