डायबेटिस निघाला म्हणून ज्यूस? या चुका टाळा

टाइप टू डायबेटिस निघाला की आपल्याकडे माणूस दुसऱ्याच दिवशी दोन गोष्टी करतो. गोड बंद आणि ज्यूस चालू. पहिल्या गोष्टीबद्दल शाबासकी. माझं भांडण आहे ते दुसरीशी.

फळं पिणं

आमच्या भावोजींचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.१ आलं. त्यांनी पेढे सोडले, चहातली साखर सोडली, रोज पहाटे तळजाई चढायला लागले. तीन महिन्यांनी तपासलं तर ८.४! लगेच गोळीवर खापर. मी म्हटलं, तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा. वही पाहिली तर पोळ्या मोजलेल्या, भात मोजलेला, पण टेकडीवरून उतरल्यावरची नीरा आणि मोसंबीचा मोठा ग्लास कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, "अगं, ते खाणं थोडंच आहे?"

मग मी त्यांच्यापुढे चार मोसंबी सोलून ठेवली. म्हटलं, आता ही चावून खा. दुसऱ्यातच हात आखडला. ग्लासात मात्र चारही जण बिनबोभाट मावत होती, चोथा गाळणीत टाकून. तो चोथाच साखरेला रक्तात सावकाश सोडतो. तो गेला की उरतं गोड पाणी, आणि ते अर्ध्या तासाच्या आत साखर वर नेतं. ज्यूस आणि नीरा थांबवल्यावर पुढचा रिपोर्ट सातच्या घरात आला, गोळी तीच.

उसाचा रस, पियूष, मस्तानी यांबद्दल वेगळं सांगायला नको. तीनशे मिलीच्या कोलाच्या बाटलीत साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. आणि खोक्यावर 'नो ॲडेड शुगर' लिहिलं म्हणून फळाची स्वतःची साखर कुठे पळून जात नाही.

अमृततुल्यात "कमी साखर" सांगणं

तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते. तो मान डोलावतो, तुम्हाला समाधान मिळतं, चहा तोच. बिनसाखरेचा वेगळा टाकून देत असतील तर घ्या, नाहीतर पुढे चला. गुळाच्या चहाच्या पाट्यांना तर मुळीच भुलू नका. गूळ, मध, खडीसाखर ही सगळी एकाच घरातली माणसं.

फळंच सोडून देणं

हे दुसरं टोक. घाबरून सगळी फळं बंद करायची आणि भूक लागली की मारी बिस्किटं खायची! पेरू, पपई, संत्रं, सफरचंद बेताने चालतात. मी एका वेळी मूठभर फळ खाते, तेही चारच्या सुमारास, चार शेंगदाण्यांबरोबर. जेवणावर गोड म्हणून नाही. हापूस खायचा तर अर्धा, आणि त्या दिवशी एक पोळी कमी. पुरीबरोबर वाटीभर आमरस मात्र नाही, कितीही आग्रह झाला तरी. सीताफळ आणि केळं अर्धंच. खजूर, मनुका सुकामेव्यात धरतात म्हणून मूठभर खाऊ नका, पाणी उडालं तरी साखर सगळी आतच राहते.

जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, "सात दिवसांत शुगर नॉर्मल"

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो. सात दिवसांची घाई असलेल्यांशी मी वाद घालत नाही.

चिकट बोटाने शुगर तपासणं

शेजारच्या काकू रात्री घाबऱ्याघुबऱ्या आल्या, "तीनशेच्या वर गेली गं!" बोटांना आंब्याचा वास येत होता. नुकत्याच त्यांनी नातवाला फोडी करून दिल्या होत्या. साबणाने हात धुवायला लावले, नीट पुसले, पुन्हा टोचलं तर १६२. फळाचा रस बोटावर असेल तर मीटर तोही मोजतो. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, नळाखालीच हात धरा.

गोड अगदीच घरात न ठेवणं

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर कधी ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोकं हलकं होणं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा अर्धा कप ज्यूस लगेच घ्यायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि अजून कमीच असेल तर तेवढंच परत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम असते. ज्यूसचं एक छोटं खोकं घरात ठेवायला माझी हरकत नाही, फक्त ते नातवंडांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.