बसून ढकलायची गाडी: बाळासाठी निवडताना आणि खेळवताना

बाळ चालू लागले, की घरात बसून पायांनी ढकलायची गाडी आणण्याचा विचार सुरू होतो. या गाड्यांची जाहिरात मुख्यतः हँडलवरच्या बटणांची असते: दिवे लागतात, प्राण्यांचे आवाज येतात, आकडे आणि रंगांची नावे ऐकू येतात, आणि त्यामुळे ती बटणेच बाळाला शिकवणार आहेत असा आपला समज होतो. बाळाचे शिकणे मात्र सर्वांत आधी त्याच्या पायांत, कमरेत आणि तोल सांभाळण्यात घडते, त्यानंतर शेजारी बसून आपण जे बोलतो त्यातून घडते, आणि बटणांचा क्रमांक त्याच्या पुष्कळ खाली लागतो. म्हणून गाडी निवडतानाही आधी बैठक, मग चाके आणि सर्वांत शेवटी बटणे पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

बहुतेक मुले ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागतात, त्यामुळे खोक्यावर लिहिलेल्या वयापेक्षा आपल्या बाळाची तयारी पाहणे अधिक योग्य. बाळ टेकू न घेता स्थिर बसते का, कशाला तरी धरून स्वतः उभे राहते का, आणि बुटक्या पाटावर किंवा उशीवर एक पाय पलीकडे टाकून बसण्याचा प्रयत्न करते का, एवढे पाहिले तरी पुरे. वॉकर नावाचे, बाळाला मधोमध अडकवून ठेवणारे चाकांचे साधन मात्र या प्रकारात मोडत नाही. त्यात बसलेले बाळ क्षणात जिन्यापर्यंत पोहोचू शकते आणि चालणे लवकर येण्यास त्याची काही मदत होत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती याच धोक्यामुळे. बसायच्या गाडीवर बाळ स्वतः चढते आणि स्वतः उतरते, आणि हा फरक फार मोठा आहे.

आता बैठकीची उंची. बाळाला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभे करावे आणि जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. गाडीची बैठक त्यापेक्षा २ ते ३ सेंटिमीटर खाली असावी; म्हणजे अंतर २८ सेंटिमीटर भरले तर बैठक २५ ते २६ सेंटिमीटर उंच हवी. अशा बैठकीवर बाळाचे दोन्ही तळवे टाचेसकट जमिनीला टेकतात आणि गुडघे किंचित वाकलेले राहतात. ‘वाढते अंग आहे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून उंच गाडी घेण्याचा मोह होतो, पण चवड्यांवर तोल धरलेल्या बाळाला पायाने जोर लावता येत नाही आणि गाडी कलली तर पाय टेकून सावरताही येत नाही. बैठक फार बुटकी असेल तर गुडघे हँडलला अडतात आणि बाळ कंटाळून उतरते.

पहिल्या गाडीला चार चाके असावीत आणि ती एकमेकांपासून पुरेशी लांब असावीत. गाडी जमिनीवर ठेवून बैठकीची मागची कड हाताने जोरात दाबावी, मग दोन्ही बाजूंनी रेटावे. पुढचा भाग सहज उचलला जात असेल किंवा एका बाजूची चाके जमीन सोडत असतील, तर ती गाडी नको. मागे जमिनीलगत आडवा टेकू असला तर ती मागे उलटत नाही. हँडल पूर्ण गोल फिरणारे नसावे, कारण नवख्या हातांनी ते एकदम आडवे होते आणि बाळ पुढे तोंडावर पडते. मागे दांडी असलेली गाडी पांगुळगाड्यासारखी ढकलायलाही वापरता येते; मात्र बाळाने दांडीवर भार टाकताच गाडी हातातून निसटून पुढे पळत नाही ना, हे आधी पाहावे.

सुरक्षेची तपासणी शांतपणे, गाडी उलटी करून करावी. सुटे होऊ शकणारे टोपण, चकती किंवा चिकटवलेला डोळा ओढून पाहावा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे भाग तपासण्यासाठी वापरतात त्या नळकांड्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटिमीटर असतो, आणि त्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते. बैठकीखाली सामानाचा कप्पा असेल तर त्याच्या झाकणात बोट चेंगरत नाही ना, हे स्वतःचे बोट घालून तपासावे. बॅटरीच्या कप्प्याचे झाकण स्क्रूनेच बंद होणारे असावे, ही अट मी कधीही सोडणार नाही. बटणाच्या आकाराची बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, म्हणून नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या प्रयत्नात वेळ न घालवता बाळाला तडक रुग्णालयात न्यावे.

बटणांविषयी माझे मत कोरडे नाही, त्याला आधार आहे. २०१६ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात १० ते १६ महिन्यांच्या बाळांच्या २६ जोड्या, म्हणजे बाळ आणि त्याचे आई किंवा वडील, निरनिराळ्या खेळण्यांशी कसे खेळतात हे पाहिले होते. आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना पालक पुस्तकांच्या किंवा साध्या खेळण्यांच्या तुलनेत कमी बोलले, आणि बाळांचे आवाजही कमी झाले. खेळणे बोलू लागले की आपण गप्प होतो, हे कोणत्याही घरात डोळ्यांनी दिसते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे गाडी बॅटरीशिवाय द्यावी. नंतर आवाज सुरू केला तरी तो आपल्या कानाला मोठा वाटत असेल तर ध्वनिवर्धकाच्या जाळीवर चिकटपट्टी लावावी, आणि गाय हंबरली की ‘गाय कुठे आहे? गाय काय खाते?’ असे विचारून उत्तरासाठी थांबावे. बाळ नुसते बोट दाखवेल किंवा ‘अं’ म्हणेल. तेही उत्तरच आहे.

पहिल्या दिवशी बाळाला उचलून गाडीवर बसवू नये. गाडी खोलीच्या मध्यभागी ठेवावी आणि आपण जमिनीवर बसावे. बहुतेक बाळे आधी गाडी आडवी पाडतात, बोटाने चाक फिरवतात, ते थांबले की पुन्हा फिरवतात, आणि हा पाऊण तासाचा खेळ म्हणजे कारण आणि परिणाम यांचा पहिला धडा असतो. पुढे बाळ बसू लागले, की एक गंमत हमखास पाहायला मिळते: गाडी मागे जाते. बाळ समोर, त्याला हव्या असलेल्या चेंडूकडे पाहत असते, दोन्ही पाय एकदम ताठ करते आणि चेंडूपासून दूर सरकते. पाय पुढे टेकून गुडघे सरळ केले की शरीर मागेच रेटले जाणार. पुढे जायचे तर तळवा शरीराच्या मागे टेकून जमीन मागे ढकलावी लागते, आणि ही उलटी जुळणी शरीराला उमगायला काही दिवस लागतात. त्या काळात गाडी दोरीने ओढू नये किंवा पाठीमागून ढकलू नये. मागे मोकळी जागा ठेवून चेंडू पुन्हा जवळ आणून ठेवावा. नंतर एक दिवस पाय आळीपाळीने पडू लागतात आणि गाडी सरळ पुढे जाते.

त्यानंतर खेळ वाढवता येतात. सर्वांत उपयोगी खेळ ‘चल’ आणि ‘थांब’ हा आहे, कारण सुरू असलेली हालचाल ऐकून थांबवणे हे या वयात फार अवघड काम असते. सुरुवातीला शब्दासोबत तळहात समोर धरावा आणि बाळ दोन पावले उशिरा थांबले तरी कौतुक करावे. बैठकीखालच्या कप्प्यात मोजे किंवा ठोकळे भरून ते एका खोलीतून दुसरीकडे पोहोचवायला सांगितले, की ‘आत’, ‘बाहेर’, ‘मागे’, ‘खाली’ हे शब्द आपोआप वापरात येतात. दोन वर्षांच्या सुमारास उशांच्या मधून वळणाचा रस्ता करावा, जमिनीवर रंगीत कागद चिकटवून ‘लाल घरात गाडी उभी कर’ असे सांगावे. पावले मोजत जाणे हा गाणाऱ्या बटणापेक्षा आकडे शिकण्याचा चांगला मार्ग आहे, कारण प्रत्येक आकड्याबरोबर पाय पडतो.

जागा सपाट आणि कोरडी असावी. जिना, उतार, पाण्याची टाकी, रस्ता यांपैकी काहीही जवळ असेल तर दार बंद केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे. घरात अनवाणी पाय उत्तम; बाहेर बंद बूट आणि हेल्मेट घालावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, पण त्यात धावणे, चढणे, नाचणे सारेच येते. गाडीवर एका वेळी दहा-पंधरा मिनिटे झाली आणि बाळ उतरले, तर खेळ संपला असे समजावे.

गुडघे हँडलला लागू लागले की या गाडीचे काम झाले. अडीच-तीन वर्षांच्या सुमारास पॅडल नसलेली दुचाकी द्यावी. सायकलची पूर्वज असलेली कार्ल फॉन ड्राइस यांची १८१७ मधली गाडीही अशीच पायांनी ढकलायची होती आणि पॅडल काही दशकांनी आले. जुनी गाडी दुसऱ्या बाळाला देण्याआधी स्क्रू घट्ट करावेत, चाकात गुंतलेले केस आणि दोरे काढावेत, आणि बॅटरी काढून घ्यावी.